अर्धा कोयता म्हणजे काय?

प्रति,
मा. कुलगुरू, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ,
आणि समाजशास्त्राचा प्राध्यापक निवडण्यासाठी बसणाऱ्या समितीचे सर्व सदस्य

विषय : उमेदवाराचे गुण मोजण्याआधी त्याचे लिखाण वाचण्याबाबत

महोदय,

आधीच सांगून टाकते, मी उमेदवार नाही. गेली चौदा वर्षे नगर जिल्ह्यातल्या कला महाविद्यालयांत समाजशास्त्र शिकवते आहे. आमच्या बोलण्यात ‘सीएचबीवर’, सरकारी कागदावर ‘तासिका तत्त्वावर’. तास झाला तर पैसे. दिवाळीची सुटी लागली, परीक्षा सुरू झाल्या की तास नाही आणि पैसेही नाहीत. प्राध्यापकपदाला दहा वर्षांचा अनुभव लागतो. माझी चौदा भरली. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे तात्पुरत्या सेवेत मिळालेला पगार नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनाहून कमी असेल, तर ती सेवा धरायचीच नाही. मला पगार कमी दिला गेला, म्हणून माझा अनुभवही कमी. चौदा वर्षांची बेरीज शून्य येते. तेव्हा या पत्रातून मला स्वतःसाठी काही मिळवायचे नाही, आणि म्हणून चार गोष्टी मोकळेपणाने लिहिता येतील.

मी भिंगारची. नगर शहराला चिकटलेले हे गाव शहरापेक्षा जुने. १४९० साली मलिक अहमदने बहमनी फौजेला याच परिसरात हरवले आणि मग आपल्या नावाचे नगर वसवले. १७०७ साली औरंगजेब वारला तोही इथेच. ती जागा आजही आलमगीर म्हणून ओळखली जाते. इंग्रजांनी छावणी बसवली तेव्हापासून भिंगारात दोन गावे नांदतात. एका अंगाला रुंद रस्ते, बुंध्यांना चुना लावलेली झाडे, बंगले, रणगाड्यांचे प्रशिक्षण केंद्र. दुसऱ्या अंगाला बाजार, बोळ, देऊळ, मशीद, विहार, एकमेकांना टेकलेली घरे. वडील एमईएसमध्ये, म्हणजे लष्कराच्या बांधकाम खात्यात, नोकरीला होते. रोज सकाळी फाटकावरचा जवान त्यांचा पास पाहायचा. जवान बदलत राहिले, वडील तेच, सायकल तीच. तरी पास पाहिल्यावाचून आडवा दांडा वर जायचा नाही. लहानपणी मला त्याचा राग यायचा. वडिलांना कधी आला नाही. “पास बघणं हे त्याचं काम आहे,” ते म्हणायचे. “मला ओळखणं हे त्याचं काम नाही.”

निवड समितीचे काम ओळखण्याचे आहे, असे मी समजत होते. गेली काही वर्षे विद्यापीठांच्या नेमणुका लांबून पाहताना वाटते की समितीलाही फाटकावरच उभे केले आहे.

भिंगारच्या बाईला पुण्यातल्या एका खुर्चीची एवढी काळजी कशाला, असे कुणी विचारील. मुळेच्या कालव्यावरचा शेतकरी असे विचारणार नाही. टेलला पाणी येणार की नाही, हे हेडला ठरते. पुणे, नगर आणि नाशिक या जिल्ह्यांतली महाविद्यालये आपल्या विद्यापीठाला जोडलेली आहेत. विभागातला प्राध्यापक अभ्यास मंडळावर बसतो किंवा तिथे बसणाऱ्यांना घडवतो. संदर्भग्रंथांची यादी त्याच्या टेबलावरून निघते. पीएच.डी.चा विषय त्याच्या होकाराने ठरतो. त्याच्या हाताखाली एम.ए. झालेली पोरे पुढे पाथर्डी, जामखेड, पारनेरच्या वर्गांत खडू धरतात. आम्ही टेलची माणसे. वरून पाणी सुटले की गाळ, हे आम्हाला सगळ्यांत उशिरा पण सगळ्यांत नीट कळते.

एक प्रसंग सांगते. त्यात माझीच चूक आहे.

काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाला कुटुंबसंस्था शिकवत होते. मुद्दा नेहमीचाच: कारखाने आले, शेती आणि घरगुती धंदे मागे पडले, आणि कुटुंब हे उत्पादनाचे एकक राहिले नाही, माणसे एकेकटी मजूर झाली. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभर एक अक्षर बोलली नव्हती, म्हणाली, “मॅडम, आमच्यात तसं नसतं. आमच्यात कोयता असतो.”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याला. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. हिशेब दोघांचा मिळून एक. एकटा गडी किंवा एकटी बाई असेल तर तो ‘अर्धा कोयता’. ती मुलगी पुढे म्हणाली, “म्हणून तर दादाचं लगीन घाईनं उरकलं. अर्ध्या कोयत्याला उचल कमी.”

जरा थांबून पाहा, महोदय, काय होते त्या दोन वाक्यांत. सहकारी साखर कारखानदारीचा पाया आमच्याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास घातला. म्हणजे हा उद्योग ऐन आधुनिक, आणि तोच उद्योग दर हंगामाला जोडप्याला पुन्हा एक एकक करून कामाला जुंपतो. लग्नाचे वय, हुंडा, शाळेतली गळती, बाईच्या अंगमेहनतीचा वेगळा न दिसणारा मोबदला, सगळे त्या एका शब्दात बांधलेले. एका एकोणीस वर्षांच्या मुलीने पाठ्यपुस्तकातला एक अख्खा परिच्छेद मोडून दाखवला होता.

मी काय केले? “हो, असे अपवाद असतात,” म्हणाले आणि पुढचा मुद्दा घेतला. परीक्षा तोंडावर होती, अभ्यासक्रम संपवायचा होता, आणि खरे म्हणजे त्यापुढे काय विचारावे हे मला सुचले नाही. मला ते कुणी शिकवले नव्हते. दसरा-दिवाळीच्या दिवसांत पाथर्डी रस्त्यावरून बैल, भांडी, पोरेबाळे, कोंबड्या लादलेली वाहने भिंगारवरून पश्चिमेला जातात. ती पाहिली की मला अजून ती मुलगी आठवते. तिने माझ्यापुढे प्रबंधाचा विषय ठेवला होता आणि मी तिला अपवाद ठरवले.

मला पुण्याच्या खुर्चीत असा माणूस हवा आहे, ज्याचा विद्यार्थी अशा वेळी थबकेल.

आता पास कसा तपासला जातो ते पाहू. २०१८ च्या नियमावलीत प्राध्यापकपदासाठी पीएच.डी., दहा वर्षांचा अनुभव, किमान दहा प्रकाशने आणि १२० संशोधनगुण लागतात. गुणांचा तक्ता असा: आमच्या विद्याशाखेत मान्य नियतकालिकातल्या एका शोधनिबंधाला १० गुण. राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या अख्ख्या पुस्तकालाही १०. आंतरराष्ट्रीय प्रकाशक असेल तर १२. पुस्तकाचा अनुवाद केला तर ८. म्हणजे चार हंगाम फडावर राहून, कोप्यांमधल्या बायकांशी बोलून, मराठीत लिहिलेले तीनशे पानांचे पुस्तक आणि जुन्या सहा लेखांतून खरवडून काढलेला आठ पानांचा सातवा लेख, दोघांचे वजन काट्यावर सारखेच. दोघांनी मिळून लेख लिहिला तर प्रत्येकाला ७० टक्के. दहाचे चौदा होतात. जगात सगळीकडे भाकरी वाटली की कमी होते, इथे वाढते.

हे लेख छापले कुठे जातात, याचा शोध आपल्याच विद्यापीठातल्या अभ्यासकांनी घेतला होता. डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिले की विद्यापीठांच्या शिफारशीवरून आयोगाच्या यादीत गेलेल्या ज्या १,००९ नियतकालिकांची त्यांनी छाननी केली, त्यांतली जेमतेम ११२ निकषांना उतरली. त्याच वर्षी आयोगाने यादीतून चार हजारांवर नियतकालिके काढून टाकली. मग ‘केअर’ नावाची नवी यादी आली, तिचे कामही पुण्यातूनच चालले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद झाली. यादी गेली, पण त्या काळात छापून घेतलेले लेख, त्यांचे गुण आणि त्या गुणांवर मिळालेल्या खुर्च्या राहिल्या. काट्यातच खोट आहे हे ज्यांनी जगाला सांगितले, त्यांच्याच विद्यापीठाने त्या काट्यावर डोळे मिटून भरवसा ठेवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

२०२३-२४ मध्ये आपल्या विद्यापीठाने १११ शिक्षकपदांची जाहिरात काढली. त्यात ३२ पदे प्राध्यापकांची होती. त्यानंतर राज्यभर चर्चा रंगली ती भरती कोण करणार आणि कशी करणार याची. कागदपत्रांना पंचाहत्तर गुण की साठ, मुलाखतीला पंचवीस की चाळीस? वर्तमानपत्रांतून हा वाद वाचताना मला बाजारातल्या दोन दुकानदारांची आठवण यायची. एक म्हणतो माझे माप खरे, दुसरा म्हणतो माझे. पोत्यात धान्य काय आहे, ते उघडून कुणीच पाहत नाही.

पोते उघडून पाहिल्याचा एक दाखला आपल्याच विषयाच्या पहिल्या पानावर आहे. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला. पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, नगररचनेच्या कामासाठी हिंदुस्थानात आलेले, आणि नावापुढे एकही पदवी नसलेले. समाजशास्त्र शिकायला परदेशी कुणाला पाठवायचे, हे ठरवताना त्यांच्यापुढे मालवणचा एक तरुण आला. गोविंद सदाशिव घुर्ये. शिक्षण संस्कृतचे, नोकरी संस्कृत शिकवण्याची. त्याने अर्जासाठी ‘मुंबई : एक नागरी केंद्र’ अशा विषयावर निबंध लिहिला. तो गेडिसना आवडला. घुर्ये केंब्रिजला गेले, डॉक्टरेट करून परतले, १९२४ मध्ये विभागाचे प्रमुख झाले आणि पुढची पस्तीस वर्षे भारतीय समाजशास्त्र त्यांच्या खोलीतून घडत राहिले. एम. एन. श्रीनिवास, इरावती कर्वे, अक्षयकुमार देसाई. एकमेकांशी न पटणारे हे तिघेही त्यांचेच विद्यार्थी.

आजच्या छाननीत गेडिस पहिल्या टेबलावर बाद झाले असते आणि संस्कृतचे घुर्ये दुसऱ्यावर. त्यांना आत आणले ते एका निबंधाने, तोही पायाखालच्या शहरावर लिहिलेल्या.

इरावतीबाईंची गोष्ट तर मोजमापाचीच आहे. बर्लिनमध्ये त्या ऑयगेन फिशर या वंशवादी मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली डॉक्टरेट करत होत्या. त्यांनी कवट्या मोजल्या, आणि कवटीच्या ठेवणीवरून एक वंश दुसऱ्याहून वरचढ ठरवता येत नाही, असा गुरूला नको असलेला निष्कर्ष काढून १९३० साली पदवी घेऊन परतल्या. पुढे १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवताना त्या महाराष्ट्रभर मोजपट्टी घेऊन हिंडल्या, पण वारीत चालल्या, कोयनेच्या धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली, आणि मराठीत असे लिहिले की समाजशास्त्राचे नाव न ऐकलेल्या घरांतही ते वाचले गेले. मोजण्यावर माझा राग नाही. मोजून झाल्यावर त्या मापातून काय सिद्ध होत नाही हे सांगता यायला हवे, आणि ते सांगण्याचा धीर हवा. समाजशास्त्राचा प्राध्यापक निवडणाऱ्या समितीकडून ही अपेक्षा जास्त आहे का?

इथे कुणी म्हणेल, बाई, जुन्या काळच्या गोड गोष्टी पुरे. एकट्या गेडिसच्या पसंतीवर जग चालले असते तर आमच्यासारख्यांना फाटकाच्या आत कुणी घेतलेच नसते. हे म्हणणे खरे आहे, आणि मी ते बाजूला सारणार नाही.

१९१६ च्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात एका भारतीय विद्यार्थ्याने जातींच्या उगमावर निबंध वाचला. पुढल्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. मुंबईतला विभाग निघाला तेव्हा तो विद्यार्थी त्याच मुंबईत, सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्यांनी पिऊ नये, असा सहकाऱ्यांनी आक्षेप घेतल्याचे त्यांच्या चरित्रांत वाचायला मिळते. समाजशास्त्राची खुर्ची त्यांच्या वाट्याला कधी आली नाही. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. लेखक महसूल खात्यातले. जोतीरावांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ आणि ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ त्याच्याही आधीची. मराठी समाजाचा अभ्यास विद्यापीठाच्या भिंतीबाहेर आधी सुरू झाला, आणि भिंतीच्या आतल्या समित्यांना तो बराच काळ दिसला नाही. डोळ्यांचा प्रश्न नव्हता. ओळखीची माणसे ओळखीच्याच माणसांना ओळखतात.

म्हणून गुणांचा तक्ता आला, आणि आमच्यासारख्या घरांतल्या पोरांनी तो डोक्यावर घेतला. मुलाखतीत काय होते ते आम्हाला माहीत आहे. एका संस्थेत मी मुलाखतीला गेले होते. विषयावर एक प्रश्न विचारला गेला. मग आडनाव, मूळ गाव, माहेरचे की सासरचे, मिस्टर काय करतात. शेवटी एक गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, “बाकी ठीक आहे. तुमची तयारी काय?” मी भाबडेपणाने पाठ तयार केल्याचे सांगितले. खोलीत हसू पसरले. ‘तयारी’ म्हणजे किती रक्कम, हे बाहेर शिपायाने समजावले. त्या दिवसापासून कागदावरच्या गुणांवर माझाही विश्वास बसला. गुण निदान आडनाव विचारत नाहीत.

तेव्हा मी विवेकाधिकाराचे दिवस परत मागत नाही. आरक्षणाची बिंदुनामावली काटेकोर पाळा, गुण जाहीर करा, पास तपासा. फक्त तेवढ्यावर थांबू नका. अविश्वासातून आलेला तक्ता भ्रष्ट माणसाला थोडा अडवतो, पण चांगला माणूस शोधून देत नाही. गुणांची व्यवस्था कशी लावायची हे ज्यांना कळले त्यांनी तीही लावून घेतली, आणि त्यात पुन्हा मागे पडला तो तासाच्या पैशांवर जगणारा, नियतकालिकाला शुल्क भरू न शकणारा.

पुढच्या चार गोष्टी करण्यासाठी कायदा बदलावा लागत नाही.

पहिली. उमेदवाराकडून लिखाणाची यादी घ्याच, पण त्याने स्वतः निवडलेली तीन लिखाणेही घ्या. समितीतल्या विषयतज्ज्ञांनी त्यांतले किमान एक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावे आणि त्यावर एक पान मत लिहावे, सहीनिशी. मुलाखत त्या लिखाणावर घ्यावी. निवड झाल्यावर निवडलेल्याविषयीचे मत विद्यापीठाने प्रसिद्ध करावे. सही करून लिहायचे म्हटले की ओळखीच्या माणसाची भलामण करतानाही हात जरा अडखळतो. तज्ज्ञांना एवढा वेळ नाही, असे कृपया सांगू नका. ज्या खुर्चीवर माणूस वीस वर्षे बसणार, तिच्यासाठी एक दिवस वाचन हा महागडा सौदा नाही.

दुसरी. तीन लिखाणांपैकी एक मराठीत असावे, किंवा उमेदवाराने आपलेच एखादे काम मराठीतून उलगडून दाखवावे. हा भाषाभिमानाचा मुद्दा नाही. माझ्या वर्गातली ती मुलगी ‘कोयता’ म्हणाली ती मराठीत. तिच्या ज्ञानाला दुसरी भाषा नव्हती. आपल्याच विद्यापीठात शर्मिला रेगे यांनी समाजशास्त्र आणि मग स्त्री अभ्यास शिकवताना इंग्रजीला बिचकून गप्प बसणाऱ्या मुलांचा प्रश्न मध्यावर आणला, त्यावर लिहिले, आणि शिक्षणाच्या विचारात जोतीरावांच्या ‘तृतीय रत्न’ची आठवण जागी केली. २०१३ मध्ये त्या गेल्या. त्यांची वाट मोडू नये.

तिसरी. निवडीआधी प्रत्येक उमेदवाराने एक तास विद्यार्थ्यांना शिकवावे. आयोगाच्या नियमांत वर्गातल्या व्याख्यानावरून उमेदवार पारखायची मुभा पूर्वीपासून आहे. तो तास पुण्यात न ठेवता आमच्या बाबुर्डी घुमटच्या उपकेंद्रात ठेवा. समोर पाथर्डी, कर्जत, शेवगावची मुले बसवा आणि त्यांना प्रश्न विचारू द्या. उमेदवार किती छान बोलला याला माझ्या लेखी फार किंमत नाही. प्रश्न आल्यावर त्याने काय केले, तेवढे टिपून घ्या.

चौथी. हे सगळे किती दिवसांत पूर्ण होईल ते जाहिरातीतच लिहा. प्राध्यापकाविना गेलेले प्रत्येक वर्ष म्हणजे मार्गदर्शकाविना गेलेली संशोधक विद्यार्थ्यांची एक तुकडी, आणि त्यांच्याकडून शिकली असती ती पुढची अनेक वर्गभर मुले. आमच्याकडे रिकाम्या पदांवर तासिकेची माणसे टाकून वेळ मारून नेतात. आम्ही शिकवतो, जीव तोडून शिकवतो. पण दरवर्षी जूनमध्ये ज्याला पुन्हा अर्ज करावा लागतो तो गावात जाऊन दोन वर्षांचा अभ्यास कसा हाती घेणार?

अभ्यासाला विषय कमी नाहीत. सोनई, खर्डा, कोपर्डी. २०१३, २०१४ आणि २०१६ या वर्षांत माझ्या जिल्ह्यातल्या या गावांची नावे महाराष्ट्राला कळली ती रक्ताने. प्रत्येक वेळी गाड्या आल्या, कॅमेरे आले, पुढारी आले, मोर्चे निघाले. नंतर सारे पांगले, आणि सोमवारी वर्गात मुले माझ्याकडे पाहत बसली. वेगवेगळ्या जातींची मुले, एकमेकांकडे न पाहणारी. त्यांना माझ्याकडून काहीतरी हवे होते. माझ्याजवळ दुर्खीम होता, १८९३ चा, फ्रान्सचा. थोर माणूस, पण त्या सोमवारी तो अपुरा पडला. याच जिल्ह्यात राळेगणसिद्धी आहे, हिवरे बाजार आहे, चौथऱ्यावर जाण्याच्या हक्कासाठी २०१६ मध्ये बायकांनी लढा दिलेले शनिशिंगणापूर आहे. सुधारणा आणि हिंसा एकाच मातीत, कधी कधी एकाच तालुक्यात कशी उगवते, हा प्रश्न घेऊन दहा वर्षे बसणारा एक प्राध्यापक आम्हाला द्या. उत्तर तो चुकीचे देईना का. आम्ही त्याच्याशी भांडू. भांडायला तरी कुणी हवे.

शेवटी एक आठवण करून देते. ज्यांचे नाव २०१४ पासून विद्यापीठाला आहे, त्या सावित्रीबाई अध्यापनाचे धडे घ्यायला पुण्याहून नगरला आल्या होत्या, मिस फरार यांच्याकडे. शिकवायचे कसे हे शिकण्यासाठी तेव्हा पुण्याने नगरची वाट धरली होती. ती वाट आजही सव्वाशे किलोमीटरच्या आतच आहे.

मुलाखतीच्या दिवशी सगळे प्रश्न विचारून झाले, फायली मिटल्या, चहा आला, की माझा एक प्रश्न तेवढा विचारा: अर्धा कोयता म्हणजे काय?

एखादा उमेदवार फाडकन व्याख्या सांगेल. सांगू द्या, पण ती त्याने कुठे ऐकली हे विचारा. एखादा विषय टाळून आपल्या नव्या लेखाकडे वळेल. आणि एखादा, किंवा एखादी, क्षणभर गप्प राहून म्हणेल, “मला माहीत नाही. हा शब्द कोण वापरतं? त्यांना कुठे भेटता येईल?”

तिचे १२० गुण भरले असतील, तर बाकीचे कागद नंतर पाहिले तरी चालतील. तिला पाथर्डीच्या रस्त्याला लावून द्या. वाटेत भिंगार लागते. तिची मी वाट पाहीन, कारण त्या मागच्या बाकावरच्या मुलीचे उत्तर माझ्याकडे अजून तसेच ठेवलेले आहे, आणि ते योग्य माणसाच्या हाती द्यायचे आहे.

आपली नम्र,
तासिका तत्त्वावरील एक शिक्षिका
भिंगार, जि. अहिल्यानगर